कुलूप लावणारी बाई

एकदा एका वृद्ध चित्रपट-संकलकाकडे त्याचा शिष्य आपला पहिला चित्रपट घेऊन आला. जगाचा विनाश झाला आहे, मूठभर माणसे उरली आहेत आणि ओसाड नगरांतून हिंडणारे एक श्वापद त्यांना एकेक करून खात आहे, अशी ती भयकथा होती. पैसा लावणाऱ्या व्यापाऱ्याचा हट्ट होता की, संथ प्रसंग काढावेत आणि श्वापद आणखी दोनदा आणावे. त्या भल्या माणसाचे श्वापदाने पोटच भरत नव्हते! नकार दिला, तर चित्रपट पडद्यावर येणार नव्हता.

वृद्धाने शिष्याला एका वसाहतीत नेले. भूकंपात भुईसपाट झालेल्या गावाची ती वसाहत. शाळेच्या खोलीत, खिडक्यांवर चादरी टांगून, भरदुपारी चित्रपट सुरू झाला आणि वृद्ध पडद्याकडे पाठ करून बसला.

शिष्य दुखावला. "गुरुजी, आपण पाहणारच नाही?"

"पाहतोच आहे की," लोकांवरची नजर न काढता वृद्ध म्हणाला.

ओसाड नगर दिसताच बायाबापड्या सावरून बसल्या. श्वापद आले तेव्हा दचकल्याही. दुसऱ्यांदा आले तेव्हा मात्र गप्पा सुरू झाल्या, आणि तिसऱ्यांदा कोणीतरी म्हणाले, "आलं बघा! लई भुकेलंय!" सारी खोली हसली. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मग व्यापाऱ्याला नको असलेल्यांपैकी एक संथ प्रसंग आला. एक बाई पाण्याला निघते. तिच्या घराची फक्त चौकट उभी आहे, भिंती नाहीत. ती दाराला कुलूप लावते, ओढून पाहते आणि चालू लागते. खोलीत कोणी हलेना. तेवढ्यात श्वापद येऊन तिला फाडते. कोणी किंचाळले नाही. लोक उठून बाहेर जाऊ लागले.

एका म्हातारीने शिष्याला दारात अडवले. "तिला कशापायी मारलंस रे बाबा? घर पडलं तवा मी बी म्हैनाभर असंच कुलूप लावत हुते. भिंती नव्हत्या, लेकरं नव्हती. मला न्हाई कुणी खाल्लं. मी हाय अजून."

शिष्य खिडक्यांवरच्या चादरी उतरवू लागला.

परतताना वृद्ध म्हणाला, "तुझी ओसाडी खरी आहे आणि ते कुलूप तर त्याहून खरे. इतक्या भयापर्यंत पोहोचलास आणि तिथे तूच घाबरलास. श्वापद बोलावून तिची सुटका केलीस, स्वतःचीही. ज्यांचे जग संपते, त्यांना बहुधा दुसऱ्या दिवशी उठावे लागते."

"मग ती पुढे करते तरी काय, गुरुजी?"

"पाणी घेऊन येते. कुलूप काढते. आत जाते."

शिष्य बराच वेळ रडला. मग त्याने तिचा मृत्यू कापून टाकला आणि व्यापाऱ्याला नकार कळवला. तसा कापलेला तो चित्रपट आजतागायत कोणी पाहिलेला नाही.