वर्षभराची ओल

ही हकीकत मी गेल्या मार्गशीर्षात कौसल्याबाई ढमाले यांच्याकडून ऐकली. त्यांच्या जाऊबाई अनसूयाबाई माती, चुना आणि रद्दीचा लगदा यंत्रात दाबून विटा करतात. गावच्या अंगणवाडीला भिंती नव्हत्या. त्यासाठी या विटांना मंजुरी हवी होती.

पाहणीला आलेले इंजिनिअरसाहेब हसले. "बाई, कागद तो कागदच. ओल लागली की लगदा! वर्षभर ओलीत ठेवून दाखवा, मग बोलू."

"ठेवल्यात की, साहेब," अनसूयाबाई म्हणाल्या. "अंगणातला तो पाझरणारा रांजण दोन वर्षं याच विटांवर बसलाय."

साहेबांनी वाकून ओल्या विटेत नख रोवून पाहिले. ते रुतले नाही.

आज मुले त्याच विटांच्या भिंतींआड बसतात. ते मी पाहिले आहे. निघताना साहेबांनी रांजणातले पाणी मागून घेतले, असे कौसल्याबाई सांगतात. त्याची खात्री मात्र मला कधीच करता आली नाही.