गंगीचा पान्हा

“पण तात्या, माणूस ओळखायचं माझं आता अजून काय शिकायचं राहिलंय?”

वामनबुवांनी हे विचारलं तेव्हा तात्या शेळ्यांपुढं शेवरीचा पाला टांगत होते. त्यांनी सुतळीला गाठ मारली, ओढून बघितली आणि दुसरी गाठ मारायला घेतली.



वामनबुवा वाट बघत उभे राहिले. त्यांना उभं राहायची सवय होती, पण कीर्तनात. तिथं समोर हजार माणसं असत. इथं तीन शेळ्या होत्या, आणि त्यातली एकही त्यांच्याकडं बघत नव्हती.

वामनबुवा म्हणजे साधं प्रस्थ नव्हे. खांद्यावर जरीकाठी शेला टाकून ते उभे राहिले की पंचक्रोशी डोलायची. समोरच्याच्या नुसत्या चेहऱ्यावरून ते त्याच्या पोटातलं सांगतात, अशी त्यांची ख्याती होती. आणि ही ख्याती सगळ्यात जास्त कुणाला पटली असेल, तर ती वामनबुवांना.

नदीपलीकडच्या गावातला मठ रिकामा पडला होता. तिथल्या गादीवर बुवांनी बसावं, लोकांना नाम द्यावं, असं गावानं एकमतानं ठरवलं होतं. घोडं अडलं होतं एकाच जागी.

तात्या बुवांचे गुरू, आणि त्यांच्या परंपरेत शिष्याला नाम द्यायची मोकळीक एकाच रीतीनं मिळायची. गुरूनं आपल्या हातानं त्याच्या खांद्यावर वस्त्र ठेवायचं. मंत्र नाही, सोहळा नाही, चार माणसंसुद्धा नाहीत. वस्त्र खांद्यावर आलं की झालं. नाही आलं तर नाही.

आणि तात्या वस्त्राचं नावच काढत नव्हते.

“गावची माणसं सोमवारी येताहेत मला न्यायला,” बुवा म्हणाले. “त्यांना काय सांगू?”

तात्यांनी हात धोतराला पुसले.

“माणसं ऱ्हाऊ दे. ह्या तीन शेळ्या वळख. मग बोलू.”

वामनबुवांना हसू आलं. परीक्षा म्हणावी तर ही पोरखेळासारखीच होती. गाठोडं त्यांनी तिथंच माळावरच्या वस्तीवर ठेवलं. दोन खोल्या, एक छप्पर, तात्या आणि त्यांची बायको आक्का. एवढाच काय तो आश्रम.

इतकी वर्षं बुवा उंटावरून शेळ्या हाकत होते. आता खाली उतरून बसले.

त्यांनी मन लावून बघितलं, हे मात्र खोटं नाही.

ठकी काळी, अंगानं किडकिडीत. नाकानं छपराची कडी काढायची आणि मुकाट्यानं बाहेर. पहिल्याच दिवशी तिनं वलणीवर वाळत घातलेला बुवांचा जरीचा शेला ओढून त्याचं एक टोक चघळून टाकलं. वर बुवांकडं बघत रवंथ केला.

रंभा पांढरीशुभ्र. जमिनीवर पडलेलं पान तोंडात घेईल तर शपथ. पाला वर टांगलेला हवा, तोही ताजा. दुसरीनं तोंड लावलेल्या पाण्याला ही तोंड लावायची नाही.

आणि गंगी. तपकिरी, थोराड, डोळे अर्धे मिटलेले. जिथं बांधाल तिथं उभी. कुणाच्या अध्यात नाही, कुणाच्या मध्यात नाही. तिच्याजवळ बसलं की बुवांना फार शांत वाटायचं.

बुवांनी तात्यांना गाठलं.

“ठकी चोर. रंभा गर्विष्ठ. आणि गंगी... तात्या, गंगी साध्वी आहे.”

तात्या म्हणाले, “आक्काला इचार.”

आक्का चुलीपाशी भाकरी थापत होत्या. बुवांचं ऐकून त्यांचा हात थांबला.

“ठकी चोर? बुवा, लेकरू हाय ते माझं! कासंला हात लावायचा अवकाश, भांडं भरून देती. सोत्तापाशी थेंब राखत न्हाई.”

“आणि रंभा?”

“ती भेदरट. जमिनीवरचं खाताना एकदा पाल्यातनं साप निघाला. तवापास्नं खाली तोंड घालत न्हाई बिचारी.”

“पण गंगी तरी...”

“गंगी!” आक्कांनी भाकरी तव्यावर टाकली. “सगळ्यांत मोठी चोर ती. पान्हा चोरती मेली. दूध असं वर वढून धरती, की कास पिळा, न्हाईतर कातडं पिळा.”

“पण किती शांत आहे ती!”

“तसलीच आसत्यात शांत,” आक्का म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

बुवा बाहेर आले ते डोकं धरूनच. शितावरून भाताची परीक्षा करणारा माणूस, आणि इथं हंडीच दुसऱ्याची निघाली! पण चूक कबूल करायला ते कचरले नाहीत. सरळ तात्यांसमोर जाऊन उभे राहिले.

“चुकलो. ठकी उदार आहे. रंभा भित्री आहे. गंगी चोर आहे.”

“कुणी सांगितलं?”

“आक्कांनी.”

“आक्काला ती ठकी भांडं भरून देती,” तात्या म्हणाले. “मी बसलो की लाथ घालती.”

“मग खरी ठकी कुठली?”

तात्यांनी चिमूटभर तंबाखू तळहातावर घेतली, चुना लावला, मळत बसले...

बुवा बराच वेळ थांबले. तंबाखू मळून झाली, दाढेखाली गेली, तरी काही नाही.

त्यांना राग आला. मग भीती वाटली. सोमवार जवळ येत होता, आणि तिन्ही शेळ्या होत्या त्याहून अनोळखी होत चालल्या होत्या.

त्यातच रंभा व्याली. दोन करडं झाली. एकाला तिनं चाटून पुसून जवळ घेतलं. दुसरं जवळ आलं की ती शिंगानं ढकलायची. का, ते तिलाच ठाऊक. ठकीचं दूध तर नेमकं त्याच दिवसांत आटलं होतं. मग आक्का गोंजारून गोंजारून गंगीची धार काढायच्या आणि त्या करडाला कापसाच्या बोळ्यानं पाजायच्या. दमडीएवढा जीव, पण बोळा तोंडात आला की शेपूट नुसतं भिरभिरायचं.

सोमवारी पहाटेच निरोप आला, की आक्कांच्या लेकीला कळा सुरू झाल्या. आक्का अंगावरच्या लुगड्यानिशी निघाल्या. जाता जाता म्हणाल्या, “बुवा, करडाला तेवढं गंगीचं दूध पाजा.”

वामनबुवा भांडं घेऊन गंगीपाशी बसले. गंगीनं एकदा मागं वळून त्यांना हुंगलं.

दूध नाही.

त्यांनी कास पाण्यानं धुतली. पाठीवरून हात फिरवला. अभंग म्हटला, तोही ज्यावर बायाबापड्या हमखास डोळे पुसतात तो. गंगी डोळे मिटून ऐकत राहिली. थेंब नाही. मग बुवा तिच्यावर ओरडले. तेही तिनं त्याच शांतपणे ऐकून घेतलं.

बाजूला करडू ओरडत होतं. मग ओरडायचं थांबलं आणि नुसतं पडून राहिलं. 

“तात्या! तुम्ही तरी या!”

“मला न्हाई देत ती. तिला आक्काच लागती.”

“आक्का तर गेल्या! मग आजवर आक्का कधी परगावी गेल्याच नाहीत का?”

तात्यांनी बोट वर केलं.

वलणीवर आक्कांचं हिरवं लुगडं वाळत होतं. शेजारी बुवांचा शेला.

बुवांना समजायला जरा वेळ लागला.

“मी... हे नेसू?”

“आक्का गावाला गेली की मीच नेसायचो. आता गुडघं वाकत न्हाईत.”

वामनबुवांनी लुगड्याकडं बघितलं. शेल्याकडं बघितलं. करडाकडं बघितलं... आणि लुगडं ओढून घेतलं.

नेसले म्हणण्यापेक्षा त्यांनी ते गुंडाळलं. डोक्यावरून पदर घेतला, तो हनुवटीपर्यंत. लुगड्याला चुलीचा धूर, लेंड्या आणि आक्कांच्या हाताचा वास होता. बुवा गंगीपाशी बसले.

गंगीनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग तिनं एक लांब श्वास सोडला, मागचे पाय जरा फाकवले, आणि भांड्यात पहिली धार वाजली.

बुवांच्या अंगावर काटा आला. आनंदानं त्यांना हाक मारावीशी वाटली. पण तोंडातून नुसता हुंकार निघाला तोच गंगीनं कान टवकारले आणि धार तुटली. बुवांनी श्वाससुद्धा रोखून धरला. हळूहळू धार पुन्हा लागली.

नेमकी त्याच वेळी बाहेर जीप थांबली.

नदीपलीकडची माणसं होती. हातात हार, नारळ. पुढं मठाचे कारभारी धोंडीअण्णा. ते सरळ छपराशी आले आणि वाकून त्यांनी लुगड्याला नमस्कार केला.

“आक्का, रामराम. बरं हाय न्हवं?”

लुगडं हललं नाही.

“वामनमहाराजांना न्यायला आलोय. कुठं हायत म्हाराज?”

वामनबुवांच्या घशाशी शब्द आला होता. मी आहे, एवढाच. पण बोललं की गंगी दूध चोरणार, आणि करडाची मान आता पार खाली गेली होती. बुवांनी ओठ घट्ट मिटले आणि पदराआडून हात काढून तात्यांच्या कट्ट्याकडं दाखवलं.

माणसं तिकडं वळली. जाता जाता एकजण म्हणत होता, “म्हाराजांची नजर लई जबर. एका नजरंत माणूस वळखत्यात.”

“आपुन तरी काय कमी हाय?” धोंडीअण्णा म्हणाले. “हजारांत उभं करा, म्हाराजांना मी पाठमोरा वळखीन.”

लुगड्याच्या आत बुवांना हसू आलं की रडू, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

भांडं अर्धं झालं. त्यांनी करडाला मांडीवर घेतलं, बोळा भिजवून तोंडात दिला. आधी दूध बाहेरच ओघळलं. मग करडानं एकदा चोखलं. मग पुन्हा. मग शेपूट हललं.

गंगीनं मान लांब करून बुवांचा हात चाटला. चाटतच राहिली. कुणाचा म्हणून चाटत होती, कोण जाणे.

बुवा मागच्या दारानं आतल्या खोलीत तात्यांकडं गेले. पुढच्या कट्ट्यावर माणसं महाराजांची वाट बघत पाणी पीत होती. लुगडं फेडायचं बुवांना सुचलंच नव्हतं.

“तात्या, गंगीनं दूध दिलं.”

“हं.”

“पण ते आक्कांना दिलं. मला नाही.”

“हं.”

“आणि ही माणसं... ही माझ्या शेल्याला न्यायला आलीत. शेला खांद्यावर नाही, तर मी त्यांना दिसलोसुद्धा नाही.”

तात्यांनी गुडघा चोळला.

“मग तिथं गादीवर बसणार कोण? नाम देणार कोण, आणि ते घेणार तरी कुणाकडून? मी जाऊ, का नको जाऊ? मला काहीच कळेनासं झालंय, तात्या.” बुवांचा आवाज फुटला. “मला गंगी नाही कळली. मला मीही नाही कळत.”

तात्या भिंतीला धरून उठले. गुडघे कडकडले.

घाईघाईत बुवांच्या खांद्यावरचा पदर घसरून जमिनीवर लोळत होता. तात्यांनी वाकून तो दोन्ही हातांनी उचलला. झटकला. चार लेंड्या खाली पडल्या. मग तो पदर त्यांनी वामनबुवांच्या खांद्यावर नीट ठेवला आणि वरून एकदा तळहात फिरवला.

बुवा जागच्या जागी थिजले. ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं थांबलो, ते हेच का? की म्हाताऱ्यानं नुसता घसरलेला पदर सावरला?

“तात्या... हे... हे वस्त्र...?”

“करडू प्यालं का?”

“प्यालं.”

“मग आत कोण हुतं, ते गंगीला सांगू नगंस.”