परत आलेला नारळ

एका डोंगराच्या अलीकडे एक गाव होतं, पलीकडे एक, आणि मध्ये खिंड. गोष्ट इतकी जुनी आहे की ती खिंड नेमकी कुठली हे आता कुणी छातीठोकपणे सांगत नाही. पण अलीकडच्या गावात केरबा नावाचा तांबोळी होता, एवढं मात्र सगळे सांगतात.

केरबा पानांच्या बाबतीत भारी चोखंदळ. करंडी समोर आली की एकेक पान उलटून पाही, त्यावरून बोट फिरवी. ह्याला डाग आहे, ते जून झालंय, हे कडेला फाटलंय. शंभरातली सत्तर बाजूला काढली की मगच त्याच्या जिवाला बरं वाटे. तोवर गिऱ्हाईक खोळंबलं तरी बेहत्तर. पण विडा असा लावी, की खाणारा दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानासमोर हजर.

घरात म्हातारी आई होती. धाकटी बहीण चिमा नुकतीच पलीकडच्या गावात दिलेली. आपल्याकडची जुनी रीत तुम्हाला ठाऊकच असेल. सासुरवाशिणीने सणाला माहेरी यायचं तर तिला न्यायला भावाने जायचं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही, तर पोरगी दारात उभी राहून वाट बघते आणि सण निघून जातो.

पहिल्या दिवाळीला केरबा तांबडं पागोटं बांधून निघाला. ते चिमानेच त्याला दिलं होतं, काठाला पिवळा दोरा भरून. खिंडीत एक पुंड ठाण मांडून बसला होता. अंगाने दांडगा, हातात सोटा. येईल त्याला बडवायचं, डोक्यावरचं काढून घ्यायचं आणि माघारी हाकलायचं, एवढाच त्याचा उद्योग. त्याने केरबाच्या दंडावर एक सोटा हाणला आणि पागोटं उचललं. केरबा बोडक्या डोक्याने घरी आला.

अब्रू गेली, दंड सुजला, ते सगळं त्याने सोसलं असतं. पण आईकडे बघून त्याला भडभडून आलं. तिच्या डोळ्यांवर पडदा धरत चालला होता. वर्ष-दोन वर्षं दिसेल, पुढचं सांगवत नाही, असं वैद्य म्हणाला होता.

आई म्हणाली, "सासरी गेल्यावर माझी पोर कशी दिसती, एवढं बघून घेऊ दे मला. मग डोळं गेलं तर जाऊ देत."

"आणतो आई. पण आधी त्या पुंडाला पुरा पडेन असं कायतरी शिकतो."

दुसरा उपाय तरी काय होता? वाट एकच, आणि सोबतीला चला म्हटलं की गावातले लोक पान थुंकायच्या निमित्ताने उठून जात. केरबाने एक नारळ घेतला, वर विडा ठेवला आणि निघाला. वस्तादापुढे नारळ-विडा ठेवला की माणूस चेला झाला, अशी त्या वेळची पद्धत होती.

पहिल्यांदा तो तालमीत गेला. वस्तादांनी एका पैलवानाची कंबर धरली आणि तो कधी आडवा झाला ते कळलंसुद्धा नाही. केरबा हरखला. नारळ ठेवायला वाकलासुद्धा. तेवढ्यात त्याच्या मनात आलं, पुंडाच्या हातात सोटा आहे. तसं विचारल्यावर वस्ताद म्हणाले, सोटा उगारायच्या आत अंगाला भिडायचं. आणि भिडेपर्यंत टाळकं फुटलं तर? हे काही त्याने विचारलं नाही. जरा दुसरीकडे बघून येतो म्हणाला आणि विडा तेवढा वस्तादांना देऊन नारळ काखेत मारला.

मग लाठीवाल्याकडे. त्याने लाठी अशी फिरवली की चौघांनी मारलेले खडे परत चौघांनाच लागले. केरबा पुन्हा हरखला, पुन्हा वाकला, आणि अर्ध्यात थांबून म्हणाला, लाठी मोडली तर? लाठीवाला सरळ माणूस. तो म्हणाला, मग थोडी कुस्ती यावी लागते. झालं. नारळ परत काखेत.

शेवटी दांडपट्टा शिकवणाऱ्या एका म्हातारीकडे गेला. तळहातावर लिंबू ठेव, हाताला न लागता कापते, असं ती म्हणाली. केरबाने लिंबू हातावर न ठेवता नारळावर ठेवलं. लिंबाच्या दोन फाका झाल्या आणि नारळाची शेंडीसुद्धा हलली नाही. केरबाचे डोळे विस्फारले. पण खिंड अरुंद, तिथे एवढं लांब पातं फिरणार कसं? म्हातारी पट्टा पुसत म्हणाली, "मग खिंड रुंद झाली की ये बाबा."

केरबा घरी आला तो डोक्यात गुंता घेऊनच. कुस्ती चांगली की लाठी? लाठी चांगली की पट्टा? एक धरावं तर दुसरं हातचं जातं. पानं कशी, पुढ्यात ठेवून उलटून बघता येतात. विद्या कशी उलटून बघायची?

मग त्याने एक युक्ती काढली. विडा खाणाऱ्याच्या बोटाला चुना उरतो आणि तो भिंतीलाच पुसला जातो, हा जगाचा नियम आहे. केरबाने दुकानाच्या भिंतीवर कोळशाने तीन चित्रं काढली. एक पैलवान, एक लाठीवाला, एक पट्टेवाला. ज्याला जे थोर वाटेल त्याच्याखाली त्याने बोट पुसावं. सकाळी तालमीतली पोरं आली, पैलवान पुढे. दुपारी गुराखी आले, लाठी पुढे. संध्याकाळी गावच्या पाटलांनी पट्ट्याखाली पाची बोटं पुसली आणि त्यांच्यामागून आलेल्या प्रत्येकाने तेच केलं. महिनाभराने भिंत अशी पांढरीफटक झाली की खालची चित्रंच दिसेनात. लोकांना मात्र पान खायला नवं निमित्त मिळालं.

इकडे केरबाच्या डोक्याचा पार भुगा झाला. कुणाला दुप्पट चुना लावून दे, कुणाला बिनसुपारीचा विडा दे. दुकानात बसल्या बसल्या पैलवानासारखा शड्डू ठोकी आणि मध्येच लाठी धरल्यासारखे हात करी. नागपंचमी गेली. आई म्हणाली, दारचा वेल अजून दिसतो रे मला. केरबा पुन्हा तिन्ही ठिकाणी जाऊन आला. दुसरी दिवाळी गेली. आई म्हणाली, हिरवं नि काळं आता सारखंच दिसतंय. केरबा अजून एक फेरी मारून आला. तो नारळ आता हलवला की आतून खुळखुळे, आणि तिन्हीकडची पोरं तो आवाज ऐकूनच त्याला ओळखत.

खरं सांगायचं तर केरबा आळशी नव्हता, आणि बहिणीवर त्याचा जीव होता. पण चुकीचं शिकलो आणि खिंडीत फजिती झाली तर, ह्या धास्तीने त्याला गिळलं होतं. आई आता त्याच्या शेजारी बसून पानं निवडी. डोळ्यांनी नव्हे, नुसत्या बोटांनी. डागाचं पान तिच्या बोटाला बरोबर कळे.

तिसऱ्या दिवाळीनंतरच्या एका सकाळी दुकानासमोर कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"दादा," चिमा म्हणाली, आणि तिने तांबडं पागोटं त्याच्या मांडीवर ठेवलं. काठाचा पिवळा दोरा तसाच होता.

केरबा पागोटं उलटसुलट करून बघत राहिला. मग तिनेच सगळं सांगितलं. दर सणाला ती दारात उभी राहून खिंडीकडे बघत बसे. दारावरून एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन जाई. एकदा तो म्हणाला, पोरी, नुसती काय उभी राहतेस? मला लांडग्यापुरता एकच फटका येतो, तो शिकून ठेव. तिने तो शिकून घेतला. मग सण असो नसो, रोज वाट बघता बघता ती दारच्या मेढीच्या खांबावर काठीने तोच फटका मारत राहिली. मेढीचं लाकूड तेवढ्या जागी खोलगट झालं. या दिवाळीलाही मुराळी आला नाही, तेव्हा सासूच म्हणाली, आता तुझा मुराळी तूच हो. खिंडीत पुंडाने तिच्या गाठोड्याकडे हात केला. तिने मनगटावर एक फटका दिला. सोटा एकीकडे पडला आणि पुंड मनगट पोटाशी धरून खाली बसला. दुसरा फटका मारावा लागला नाही, आणि तिला तो येतही नव्हता. बाजूच्या फांदीवर वीस-पंचवीस पागोटी टांगलेली होती. त्यातलं आपल्या दादाचं ओळखून तिने काढून घेतलं.

केरबाने सगळं ऐकलं आणि विचारलं काय, तर, "तो फटका लाठीतला का पट्ट्यातला?"

"काय की दादा. धनगरबाबांनी नाव सांगितलं न्हाई."

आतून आई भिंतीला धरत धरत आली. चिमाचा आवाज जिकडून आला तिकडे तोंड करून उभी राहिली. तिला आता दारातला उजेड तेवढा कळत होता. तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. कपाळ, नाक, गाल. गालावरून हात काही केल्या निघेना. मग तिने चिमाचा तळहात हातात घेतला आणि बोट फिरवता फिरवता थांबली.

"हे काय गं? केवढं घट्टं पडल्यात."

"वाट बघत हुते आई. नुसतं उभं ऱ्हावंना."

आईने चाचपडत केरबाचा हात शोधला. पान उलटावं तसा तो उलटला आणि तळहातावरून हलकेच बोट फिरवलं. दोन वर्षं तीन आखाड्यांच्या पायऱ्या चढणाऱ्याचा हात तो.

"ह्यावर एकबी डाग न्हाई, केरबा," ती म्हणाली. "कसं कवळं पान हाय."

रागाने म्हणाली असती तर केरबाला सोसलं असतं. तो मग उठला, फळीवरचा नारळ घेतला आणि चालू लागला. पहिलं जे दार लागलं तिथे तो शिरला आणि कुणाला काही न विचारता नारळ वस्तादापुढे ठेवून मोकळा झाला. ते दार कुस्तीचं होतं, लाठीचं होतं की पट्ट्याचं, हे ही गोष्ट सांगणारे कुणीच सांगत नाहीत. पुढच्या दिवाळीला मात्र चिमाला आणायला मुराळी गेला होता, आणि त्याच्या हाताला घट्टे होते, एवढं सगळे सांगतात.

तात्पर्य: कोणती विद्या थोर हे विचारायला चार दारी जरूर जावं, पण नेलेला नारळ परत घरी आणू नये, आपली वाट बघणाऱ्यांचे डोळे तोवर थांबत नाहीत.