पणजोबांची शिळा

हिवरगडच्या रत्नध्वज महाराजांना मरायचं नव्हतं. निदान कायमचं तरी नव्हतं.

राजवैद्य त्र्यंबकशास्त्री यांनी यावर तोड काढली. महाराजांनी बर्फात झोपावं आणि शंभर वर्षांनी उठावं. तोवर म्हातारपणावर औषध निघालेलं असेल. पुरावा म्हणून शास्त्रीबुवांनी बर्फात ठेवलेला एक बेडूक दरबारात सोडला. त्यानं टुणकन दिवाणजींच्या पगडीवर उडी मारली आणि सगळ्यांची खात्री पटली.

तरी महाराज सावध होते. आधी दुसऱ्या कुणावर प्रयोग व्हावा, असं त्यांना वाटलं. गडाचा बर्फखाना मल्हारी सांभाळायचा. थंडीत मातीच्या उथळ परळांत पाणी ठेवून तो बर्फ धरायचा आणि भुशात पुरून उन्हाळाभर टिकवायचा. बर्फाची सवय त्यालाच, तेव्हा हा मानही त्यालाच मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सहा महिन्यांसाठी गोठवायचं ठरलं.

मल्हारीची मुलगी येसू धावत दरबारात आली. तिनं सांगून पाहिलं की पाण्यानं भरलेलं मडकं गोठलं की तडकतं, आणि माणसाच्या अंगात तर पाणीच पाणी.

शास्त्रीबुवा हसले. "अगं, तडकलेलं सांधायची विद्याही तोवर निघेल."

"सहा महिन्यांत?"

शास्त्रीबुवांना खोकला आला.

महाराज वैतागले. "पोरी, शंभर वर्षांनी काय होणार ते शास्त्रीबुवांना दिसतं. तुला दिसत असेल, तर आज सूर्य मावळायच्या आत मला दाखव. दाखवलंस तर बाप तुझा, नाहीतर बर्फाचा."

"दाखवते की. पण बर्फखान्यापर्यंत यावं लागेल, महाराज."

ऊन रणरणत होतं. बर्फ घातलेल्या पन्ह्याचा पेला हातात घेऊनच महाराज निघाले, मागोमाग सगळा दरबार. बर्फखान्याच्या दाराशी भिंतीला लागून आंब्यांच्या पाट्या रचलेल्या होत्या. येसूनं त्या ओढून बाजूला केल्या. मागे भिंतीत बसवलेली एक शिळा दिसली.

"वाचा, महाराज. तुमच्या पणजोबांची आज्ञा आहे. शंभर वर्षं झाली तिला."

महाराजांनी मोठ्यानं वाचलं, 'हा बर्फ ज्वर आलेल्याच्या कपाळासाठी. राजानेही जिभेस लावू नये. जो लावील तो...'

पुढे अक्षरं नव्हती. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून तिथं एक गाढव कोरलेलं होतं.

दिवाणजी एकाएकी आभाळाकडे बघू लागले. पेल्यातला बर्फ किणकिणला.

येसू म्हणाली, "पुढची शंभर वर्षं मला कुठली दिसायला? मागची तेवढी दिसतात. पणजोबांनी नुसतं बर्फ खाऊ नका म्हटलं होतं, तर ही गत. तुम्ही तर सांगून जाणार की बर्फ वितळूच देऊ नका, आत मी आहे. भर वैशाखात तुमच्या पणतूला तहान लागली, तर तो तुमच्याकडे बघेल, की पेल्याकडे?"

महाराजांनी पेल्याकडे पाहिलं. मग गाढवाकडे पाहिलं. आणि पोट धरून असे हसले की सगळं पन्हं शास्त्रीबुवांच्या अंगरख्यावर सांडलं!

मल्हारी तिथल्या तिथे सुटला. बर्फखान्याची किल्ली येसूच्या हाती आली, आणि बर्फ तापानं फणफणलेल्यांच्या घरी जाऊ लागला. थंडी पडल्यावर परळ मांडायला शास्त्रीबुवांना बसवलं. गारठ्याचा अभ्यास त्यांचाच दांडगा होता.

आणि महाराज? ते माठातल्या पाण्याचं पन्हं पिऊ लागले. बर्फखान्यावरून, त्या शिळेवरच्या गाढवासमोरून जाताना मात्र मान दुसरीकडे वळवायचे.