बिबट्याची हक्काची जागा

रानात अजून माणसाची पायवाट पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. चार दिवसांच्या उपाशी बिबट्याला चितळांच्या शिकारीसाठी मनासारखी जागा सापडली. पाणवठ्याकाठी करवंदीची दाट जाळी, समोर खुरांचे ताजे ठसे आणि वाराही सोयीचा. पण एवढी चांगली जागा दुसऱ्या बिबट्याने बळकावली तर? या धास्तीने त्याने आसपासच्या झाडाझाडावर मुताची धार सोडली, बुंधे ओरबाडले आणि मगच तो दबा धरून बसला.

संध्याकाळी चितळं आली. वाटेवरचं पहिलंच झाड त्यांनी हुंगलं, आणि लांब वळसा घालून ती पलीकडच्या काठावर पाणी प्यायला गेली.

"मावशी, यांना कळलं कसं?" बिबट्याने बिळातून डोकावणाऱ्या म्हाताऱ्या साळिंदरीला विचारलं.

"कळलं कसं म्हणे! अरे शहाण्या, झाडाझाडावर लिहून ठेवलंस, मी इथे बसलोय म्हणून. दवंडी तेवढी पिटायची राहिली."

"पण जागा माझीच आहे ना?"

"तुझीच रे बाबा. आता इकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही."

बिबट्याला जरा बरं वाटलं. तो उठला, नजरेतून सुटलेलं एक झाड त्याने शोधून काढलं, आणि रिकाम्या पोटाने त्याच्यावरही धार सोडली.