साळूबाईचा हात आणि गळकी टाकी

धामणवेढ्याच्या माळावर वाकळनाथ महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही हकीकत. ऊन असो, थंडी असो, महाराजांच्या अंगावर एक ठिगळांची वाकळ असायची. तेच अंथरूण, तेच पांघरूण. म्हणून लोकांनीच त्यांना हे नाव दिले. खरे नाव कोणी विचारले तर महाराज हसून म्हणत, "नाव हाक मारायला असतं. तुम्ही हाक मारता, मी येतो. झालं की!"

माळाच्या टोकाला डोंगराईचे देऊळ आहे. चैत्रात तिची जत्रा भरते. कडेवर लेकरे आणि डोक्यावर नैवेद्याच्या टोपल्या घेऊन माणसे घाट चढून येतात. वर मात्र पाण्याचा टिपूस नसायचा. एका वर्षी घाट चढून आलेला एक म्हातारा देवळाच्या पायरीवरच कोसळला. महाराजांनी त्याचे डोके मांडीवर घेतले. खालच्या डोहातून पाणी आणायला माणूस धावला, पण तो परत येईपर्यंत म्हाताऱ्याने प्राण सोडला होता. त्या दिवशी महाराजांनी अन्नाला हात लावला नाही. "पुढल्या जत्रेला इथून कोणी तहानलेला जाणार नाही," एवढेच ते बोलले.

महाराजांचा शब्द गावाने उचलून धरला. कापसाच्या गिरणीचे मालक अप्पासाहेब गडगे यांच्याकडे एक मोठी लोखंडी टाकी पडून होती. अप्पासाहेबांचा साधुसंतांवर विश्वास नव्हता. पण टाकीवर आपले नाव ठळक रंगवून घेऊन त्यांनी ती दिली. देवळाच्या दगडी भिंतीलगत चौथऱ्यावर टाकी बसवली. बैलगाड्यांनी घाटाखालून पिपे वाहिली आणि जत्रेच्या आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरली.

आता पाणी वाटायचे कोणी? महाराजांनी साळूबाईला बोलावले.

साळूबाई चार घरची धुणीभांडी करून पोट भरणारी एकटी बाई. लहानपणीच्या दुखण्यात तिचा डावा हात वाळून गेला होता. मनगट आत वळलेले, पंजा चपटा, बोटे काडीसारखी. पण महाराजांची जागा रोज तीच झाडायची, आणि झाडताना तिच्या तोंडी त्यांचे नाव असायचे.

अप्पासाहेब ते ऐकून सगळ्यांदेखत हसले. "वा महाराज! सबंध गावात तुम्हाला हीच सापडली? अहो, या लुळ्या हातानं ती पाणी वाटणार की सांडणार? टाकी माझी आहे, निदान माणूस तरी धड ठेवा."

साळूबाईने हात पदराखाली लपवला. "महाराज, साहेब म्हणत्यात ते खरं हाय. दुसऱ्या कुणाला सांगा."

महाराज म्हणाले, "साळूमाय, डोंगराईनं तुला हात दिलाय तो लपवायला नाही. उद्या इथंच उभी राहा."

जत्रेचा दिवस उजाडला. घाटात माणसांची रीघ लागली. साळूबाई उजव्या हाताने ओंजळीत पाणी घालत होती आणि लोक घटाघटा पीत होते. ऊन चढू लागले, तसा टाकीच्या मागून खळखळ आवाज आला. बघतात तो काय, भिंतीच्या बाजूला, तळाशी पत्रा गंजून फुटला होता आणि पाण्याची धार भिंतीवर आदळत होती!

एकच हाहाकार झाला. लोक घागरी घेऊन धावले. पण टाकीभर पाणी काढून ठेवायला तेवढी भांडी कुठून आणणार? भरलेली टाकी हलवणेही शक्य नव्हते. टाकी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत कोणाचाही हात शिरेना. गिरणीचा मिस्त्री आला. त्याने काठीने गोणपाटाचा बोळा भोकात कोंबला. धारेने तो बाहेर फेकला. मग लाकडाची खुंटी पहारीने दाबली, तर गंजलेला पत्रा आणखी झडला आणि धार दुप्पट झाली. शेवटी त्याने डांबर उकळून वरून ओतले. ओल्या पत्र्याला ते धरेना, नुसते घरंगळून खाली गेले.

मिस्त्रीने घाम पुसला. "साहेब, माझ्या हातात काही राहिलं नाही. दुपारपर्यंत टाकी रिकामी होणार."

अप्पासाहेबांचा चेहरा उतरला. टाकीवरचे त्यांचे नाव आता सगळी जत्रा वाचत होती! रागाने ते कडुलिंबाखाली बसलेल्या महाराजांकडे गेले. "कोणी तहानलेला जाणार नाही म्हणालात ना? आता दाखवा तुमचा चमत्कार!"

महाराज शांतपणे उठले. नैवेद्याच्या रांगेतून त्यांनी उडदाचे पीठ मागवले, पानवाल्याकडून चुना आणला, त्यात सरकी काढलेला कापूस पिंजून घातला आणि स्वतः मळायला बसले. मळता मळता गोळा चिकट आणि घट्ट झाला. मग आपल्या वाकळीचा एक तुकडा फाडून त्यांनी तो त्यात गुंडाळला.

"हे भोकात बसवायचं आणि सुकेपर्यंत दाबून धरायचं. आजचा दिवस निभावेल. साळूमाय, ये."

साळूबाई गोंधळली. "म्या? महाराज, माझ्या ह्या हातात जोर कुठला?"

"जोर कोण मागतंय? तू फक्त हात दे."

साळूबाईने पदराखालचा हात काढला. फटीत एकाही गड्याचा पंजा शिरला नव्हता, तिथे तिचा चपटा पंजा गोळ्यासकट अलगद आत गेला. मनगट आत वळलेले, त्यामुळे तळवा नेमका भोकावर टेकला. पाण्याचा लोट एकदा फसकन उडाला, आणि धार थांबली!

"थांबली! थांबली!" लोक ओरडले.

अप्पासाहेब शिडीवर चढून टाकीत डोकावले. टाकीच्या मधोमध रिबिटांची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची, एक ओळ होती. पाणी तिथवर उतरले होते. "अर्धी गेली," ते खाली उतरत म्हणाले, "आणि घाटात अजून केवढी माणसं आहेत! ही बाई किती वेळ धरणार?"

सूर्य डोक्यावर आला. पत्रा तापला. भिंतीला गाल टेकून साळूबाई उभी होती. आधी खांदा ठणकू लागला, मग हात बधिर झाला, मग हात आहे की नाही हेच तिला कळेना. लगदा अजून ओलाच होता. पंजा घसरू लागला, बोटांमधून पाणी पाझरले. तिने डोळे मिटले.

"महाराज, माझं बळ सरलं हो. आता तुमीच धरा!"

त्याच क्षणी तिच्या पंजावर बाहेरून कोणीतरी तळवा ठेवला. मोठा, थंडगार तळवा! त्या अरुंद फटीत दुसऱ्या हाताला जागा कुठली? तरीही तो होता. तिचा पंजा त्याने असा दाबून धरला, जसा आई लेकराचा हात धरून त्याला अक्षर गिरवायला शिकवते. साळूबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

तिकडे महाराज कडुलिंबाखाली सगळ्यांसमोर डोळे मिटून बसले होते. जागचे हलले नव्हते. फक्त त्यांचा उजवा हात समोर हवेत उचललेला होता, एखादे दार लोटून धरावे तसा. अप्पासाहेब ते बघत होते आणि मनात म्हणत होते, काय हे ढोंग!

पुढची माणसे येतच राहिली. मिस्त्रीने आणि गावच्या बायकांनी पाणी वाटले. लेकरे प्यायली, म्हातारी माणसे प्यायली, बैलांनाही बादल्या दाखवल्या. ऊन कलले तेव्हा महाराजांनी हात खाली घेतला आणि हाक मारली, "साळूमाय, पुरे. काढ हात."

साळूबाईने हात काढला. लगदा दगडासारखा घट्ट झाला होता. एक थेंब गळेना!

तिचा हात होता तसाच होता, वाळलेला आणि वाकडा. पण आता तिने तो लपवला नाही.

"किती पाणी उरलंय बघा तरी," कोणीतरी म्हणाले. अप्पासाहेब पुन्हा शिडी चढले, आत डोकावले आणि तिथेच थिजले. पाणी त्याच रिबिटांच्या ओळीला टेकलेले होते. एवढी जत्रा पिऊन गेली, आणि पाणी बोटभरही उतरले नव्हते!

ते खाली आले आणि महाराजांपुढे गेले. महाराजांचा उजवा तळवा मांडीवर उघडा होता. तो गंजाने तांबडा झाला होता. बोटांच्या फटींत ओला चुना लागला होता, आणि तळव्याच्या मधोमध काडीसारख्या बोटांचे वळ उमटले होते.

अप्पासाहेबांनी डोक्यावरचा फेटा उतरवला आणि महाराजांच्या पायांवर कपाळ टेकले. "महाराज, मी आंधळा झालो होतो. मला क्षमा करा."

महाराज म्हणाले, "अप्पा, माझ्याकडं काय मागतोस? मी तर इथं सावलीत बसलो होतो. उन्हात जी उभी राहिली, तिच्याकडं जा."

सगळी जत्रा बघत होती. गिरणीचे मालक अप्पासाहेब गडगे साळूबाईपुढे गेले, गुडघे टेकले आणि तिचा तो वाळलेला हात दोन्ही हातांनी धरून आपल्या कपाळाला लावला. साळूबाई लाजून मागे सरली. "अवं साहेब, उठा! लोक बघत्यात!"

"बघू देत, बाई," अप्पासाहेब म्हणाले.

"डोंगराईच्या नावानं चांगभलं!" कोणीतरी आरोळी दिली आणि सारा माळ दुमदुमला. त्या गजरातच महाराजांचा आवाज आला, "अप्पा, घाटातून आणखी एक दिंडी वर येतेय. साळूमाय दमली. पाणी कोण वाटणार?"

अप्पासाहेबांनी बाह्या वर सारल्या, तांब्या उचलला आणि टाकीपाशी जाऊन उभे राहिले.