कोरड्या कोळशाचा वाफा

मुलांनो, आणि मुलांच्या मागे भिंतीला टेकून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार जुन्या काळातली. एका डोंगराच्या पायथ्याशी चाळीस उंबऱ्यांचं एक गाव होतं. त्या गावात हौसा नावाची बाई राहायची. तिच्यासारखी परसबाग आसपासच्या पाच गावांत कुणाची नव्हती.

पेरणीचे दिवस जवळ आले की गावातल्या बायका तिच्या दाराशी यायच्या. कुणाला मिरचीची रोपं हवी असत, कुणाला वांग्याची. हौसा कुणाला नाही म्हणत नसे, पण लगेचही देत नसे. आधी हातातलं काम उगाच लांबवायची, बायकांना थोडं ताटकळत ठेवायची. तेवढा वेळ तिच्या जिवाला फार बरं वाटायचं.

एका वर्षी तिच्या कुंपणाला लागून असलेल्या पडीक जागेत दोन माणसं राहायला आली. धर्मा नावाचा म्हातारा आणि त्याची लेक गिरजा. धर्माने सारा जन्म रानात कोळसा पाडण्यात घालवला होता. आता त्याचा एक पाय लंगडा झाला होता, म्हणून रान सोडून तो गावाच्या आसऱ्याला आला होता. पाटलाने त्यांना ती जागा दिली, कारण ती दुसऱ्या कुणाला नको होती. निव्वळ मुरूम होता तिथे. कुदळ मारली की ठिणगी उडायची.

हौसाने पहिल्या दिवशी त्यांना भाकरी-कालवण नेऊन दिलं. गिरजा तिथे वाफे आखते आहे हे बघून तिला हसू आलं. पोरीची कीव करत ती घरी आली.

दुसऱ्या वर्षी मात्र त्या मुरमातून घेवड्याचा वेल असा उठला की मांडव कमी पडला. वांगी तर जांभळी, तुकतुकीत, देठापर्यंत भरलेली. उन्हाळ्यात हौसाच्या वाफ्यांना दिवसातून दोन वेळा पाणी लागायचं, गिरजाचे वाफे एका पाण्यावर दोन दिवस ओले राहायचे. आणि एके सकाळी हौसाने पाहिलं की तिच्या दाराकडे येणाऱ्या दोन बायका मधेच वळल्या आणि गिरजाच्या झोपडीकडे गेल्या.

त्या दिवशी हौसाला जेवण गेलं नाही. दोन बायका गेल्या तर काय बिघडलं, असं तिने स्वतःला शंभरदा सांगितलं. पण पुढच्या आठवड्यात पाच गेल्या. पलीकडून बोलण्याचा आवाज आला की ती हातातलं काम थांबवून कान द्यायची. गिरजा कुणालाच ताटकळत ठेवत नव्हती. मागतील तितकी रोपं ओल्या फडक्यात बांधून देत होती. हौसाला तेच जास्त झोंबलं.

गिरजाला नुसतं विचारलं असतं, तर तिने सगळं सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे तिच्या दारात जाऊन उभं राहायला हवं. काल आलेल्या कोळसेवाल्याच्या पोरीच्या दारात. हौसाची पावलं तिकडे वळेनात. ती कुंपणाच्या फटीला डोळा लावून बसू लागली.

एका दुपारी तिला दिसलं. गिरजाने वर रुंद आणि खाली निमुळता असा खड्डा खणला होता. त्यात तुरकाठ्या आणि दाणे काढलेली मक्याची बुरकुंडं रचून तिने वरून जाळ लावला. काठ्यांवर पांढरी राख धरू लागली की ती वर आणखी काठ्या टाकायची. खड्डा भरत आला, तेव्हा राख व्हायच्या आत तिने घागरी ओतून जाळ विझवला. खाली उरला तो नुसता काळाभोर, कुरकुरीत कोळसा. तो तिने कुटून बारीक केला आणि टोपलीत भरून झोपडीमागच्या गोठ्यात नेला.

गोठा कुंपणातून दिसत नव्हता. पुढे महिनाभराने हौसाला गिरजा वाफ्यांमध्ये तोच काळा चुरा मातीत मिसळताना दिसली. हौसाला वाटलं, एवढंच तर आहे सगळं. आपण उगाच झुरत बसलो.

तिनेही खड्डा खणला, काठ्या जाळल्या, कोळसा केला. गिरजाने दोन टोपल्या घातल्या असतील, तर हिने दहा घातल्या. रोपांच्या सगळ्या वाफ्यांतली माती काळी करून टाकली, वरून माती ओढून घेतली आणि या खेपेला गावातली एकही बाई पलीकडे जाणार नाही असं मनाशी ठरवूनच झोपली.

पंधरा दिवसांत मिरचीची पानं पिवळी पडली. मग वांगी खुरटली. तीन आठवड्यांत सगळे वाफे असे मलूल झाले की बघवेनात. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

बायका बघायला आल्या. काय झालं, काय झालं, म्हणून विचारू लागल्या. चोरून पाहिलं आणि नक्कल केली, हे सांगायला हौसाची जीभ रेटेना. कुणीतरी म्हणालं की नजर लागली असेल. दुसरी म्हणाली, शेजारी नवीन माणसं आल्यापासूनच हे सुरू झालं. सगळ्यांनी हौसाकडे पाहिलं.

हौसा म्हणाली, "मी त्या गिरजाला मातीत काळं काहीतरी पुरताना पाहिलंय."

बोलली त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पण त्यातून बायका काय समजणार हे तिला ठाऊक होतं, आणि समजल्या तेव्हा तिने तोंड मिटून घेतलं.

संध्याकाळपर्यंत ते वाक्य चाळीस घरांतून फिरून आलं. काळं काहीतरी म्हणजे मसणातला कोळसा. रानातली माणसं, त्यांना असल्या विद्या येतात. हौसाच्या बागेवर करणी केली. लोकांनी गिरजाने दिलेली रोपं आपापल्या वाफ्यांतून उपटून उकिरड्यावर फेकली. विहिरीवर गिरजा आली की बायका घागरी उचलून बाजूला होऊ लागल्या. शेवटी पाटलाने निरोप धाडला: उद्या सकाळी चावडीसमोर गाव बसेल. गावाचं मत पडलं तर बापलेकीने गाव सोडायचं.

हौसाला हवं होतं ते आपसूक होत होतं. तिला फक्त गप्प बसायचं होतं.

निरोप आला त्याच दिवशी दुपारी धर्मा काठी टेकत तिच्या अंगणात आला. बाग बघू का, एवढंच त्याने विचारलं. हौसाला नाही म्हणता आलं नाही. म्हातारा वाफ्याशी कसाबसा खाली बसला. मूठभर माती घेऊन त्याने बोटांनी चाळली, एक काळा कण उचलला, चुरडला, हुंगला. मग हौसाकडे पाहिलं. तिने मान वळवली.

धर्मा हळू आवाजात म्हणाला, "बाई, कोळसा कोरडा घातलास. कोरडा कोळसा उपाशी असतो. मातीतलं सत्त्व आधी तोच पिऊन टाकतो, रोपाला काही उरत नाही. म्हणून आम्ही तो महिनाभर गोठ्यात रांजणात भिजवून ठेवतो, शेणकाल्यात आणि गोमूत्रात. पोट भरलं की मग तो धरून ठेवतो आणि लागेल तसं देतो. मुळं अजून जिवंत आहेत. चार-चार दिवसांनी पातळ शेणकाला ओतत जा. वाचतील."

तो उठला आणि काठी टेकत निघून गेला. उद्याविषयी एक अक्षर बोलला नाही.

हौसा अंगणात तशीच उभी राहिली. तिला आधी म्हाताऱ्याचा रागच आला. त्याने चारचौघांत आरडाओरडा केला असता, तर तिला सरळ खोटं बोलता आलं असतं. ज्याला उद्या घरातून हुसकावणार, तो आज रोपं कशी वाचवायची ते सांगून गेला होता. आता या गोष्टीत तिला वरचढ होता येईना. संध्याकाळी तिने शेणकाला कालवला, वाफ्यापर्यंत नेला आणि ओतला नाही. बादली तशीच ठेवून ती घरात आली.

सकाळी गाव बसलं. पाटलाने गिरजाला विचारलं की तुला काही सांगायचंय का. गिरजाचे डोळे रडून सुजले नव्हते, रागाने लाल झाले होते. ती म्हणाली की आम्ही मातीत लाकडाचा कोळसा घालतो, मसणातला नव्हे, कुणीही येऊन बघावं. लोक कुजबुजले. कुणी उठलं नाही. मग ती हौसासमोर येऊन उभी राहिली.

"काकी, आम्ही आलो त्या दिवशी तुम्ही भाकरी आणून दिलीत. म्हणून तुम्हालाच विचारते. मी काय पुरत होते, ते तुम्हाला ठाऊक नाही का?"

हौसाने तोंड उघडलं. ठाऊक नाही, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. ते जिभेवर आलेही. पण पलीकडे धर्मा खाली मान घालून बसला होता. तो तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता. ती काय बोलेल याची त्याला भीती नव्हती की आशा नव्हती, कोण जाणे.

"ठाऊक आहे," हौसा म्हणाली. "कोळसाच आहे. माझ्या वाफ्यांतही आहे. मीच घातलाय. फटीतून बघून केला आणि अर्धवट केला, म्हणून माझी रोपं गेली. पोरीने काही केलेलं नाही. बायका तिच्या दारी जायला लागल्या, ते मला बघवलं नाही."

पाटलाने तिथेच निवाडा दिला. हौसाच्या शब्दामुळे चाळीस घरांतली रोपं उपटली गेली. तेव्हा हौसाने गिरजाकडून रोपं घ्यावीत, टोपलीत घालून घरोघर न्यावीत, आपल्या हाताने लावून द्यावीत, आणि ती कुणाची आहेत हे प्रत्येक दाराशी सांगावं.

गिरजाने तिला रोपं दिली, पण एक शब्दही बोलली नाही. पुढे पुष्कळ दिवस बोलली नाही. धर्माने मात्र कोळसा कसा भिजवायचा, रांजण कसा झाकायचा, ओंजळभर कोळशाला माती किती घ्यायची, ते सगळं हौसाला गोठ्यात बसवून दाखवलं.

पहिल्या दाराशी हौसाने टोपली उतरवून खाली ठेवली. घरची बाई हात कमरेवर ठेवून वाट बघत उभी राहिली. "गिरजाची रोपं आहेत," हौसा कशीबशी म्हणाली आणि खाली बसून माती उकरू लागली. दुसऱ्या दाराशी लोक हसले. बाराव्या दाराशी कुणीतरी दार लावून घेतलं, तेव्हा ती ते उघडेपर्यंत थांबली. चाळीस घरं करायला तिला नऊ दिवस लागले.

चावडीवरून परतल्यावर तिने ती बादली वाफ्यात ओतली होती; तिच्या मिरच्या वाचल्या, वांगी काही वाचली नाहीत. त्या वर्षी तिच्या दाराशी एकही बाई रोपं मागायला आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी एक नवी सून वाट चुकून तिच्या अंगणात आली आणि चांगली रोपं कुठे मिळतात, असं विचारू लागली. हौसाने तिला ताटकळत ठेवलं नाही. तिचा हात धरून कुंपणाला वळसा घातला आणि गिरजाच्या दाराशी नेऊन उभं केलं. गिरजा बाहेर आली. तिने आधी सुनेकडे पाहिलं, मग हौसाकडे, आणि म्हणाली, "काकी, बसा ना थोडा वेळ."

तात्पर्य: दुसऱ्याचं चांगलं पाहून जळणारा माणूस सरळ विचारायला लाजतो, आणि त्या लाजेपायी स्वतःचं आणि शेजाऱ्याचं दोघांचंही नुकसान करून बसतो.